निशूची उंच गाडी

गाडी उंच करून आणली आणि आमच्या घरात कुणालाच नीट काही कळेनासं झालं. आधी ती बुटकी होती तेव्हाही बिघडायची, पण काय बिघडलंय ते समजायचं. पंक्चर म्हणजे पंक्चर, क्लच म्हणजे क्लच. आता बिघडलेलं असं काही नव्हतंच. सगळं नवं, घट्ट आवळलेलं, वंगण दिलेलं होतं आणि तरी गाडी थरथरत होती.

गाडी माझ्या मुलीची. तिचं नाव निशिगंधा, घरात निशू. फुलेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ‘पिकअपवाली पोरगी’ एवढंच विचारलं तरी कुणीही दार दाखवेल. बी.कॉम. झाल्यावर ती शाहूपुरीत एका कुरिअरच्या ऑफिसात टेबलाशी बसायची. टेबलाचा कंटाळा आला म्हणून सोडलं, असं ती सांगते. मला वाटतं, रोज सकाळी समोरून गाड्या भरून निघायच्या आणि ही मागे राहायची, ते तिला सोसलं नाही. लहानपणापासून ती अशीच. जयसिंगपूरला माझ्या माहेरी निघालो की एस.टी.त तिला खिडकी नको असे, ड्रायव्हरच्या पाठची जागा हवी असे. त्याने गिअर बदलला की हिचा डावा हात आपोआप हलायचा. शेजारच्या बायका हसायच्या, मीही हसायचे. पुढे हे कुठे जाणार आहे, याची मला तेव्हा काय कल्पना!

जुनी पिकअप घेतली तेव्हा पहिले काही दिवस मी सारखी खिडकीत असे. मग सवय झाली, म्हणजे खिडकीतून उठून ओट्याशी उभं राहून काळजी करण्याची सवय झाली. ती गुळाच्या ढेपा गगनबावड्यावरून खाली कोकणात नेते, लग्नाच्या मांडवाचं सामान नेते, कुणाचं घर बदलायचं असेल तर कपाट-पलंग नेते. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले आहे. मागणी-पुरवठ्याचा आलेख आजही काढून दाखवीन. पण मुलगी माल वाहते, हे स्थळ बघायला आलेल्या लोकांना कोणत्या शब्दांत सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही. मागे कागलकडून पाहुणे आले होते. मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवत विचारलं, लग्नानंतर हे गाडीचं बंद करणार ना. निशू म्हणाली, “बंद पडत न्हाई हो ती, कालच सर्व्हिसिंग केलंय.” पाहुणे हसले, चहा प्यायले आणि पुन्हा आले नाहीत.

गाडी उंच करण्याचं डोक्यात आलं ते गेल्या पावसाळ्यात. गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीपाशी रस्त्यावर पाणी येतं, ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मोठे ट्रक पाणी कापत निघून गेले आणि हिची गाडी मध्येच घुटमळून बंद पडली. ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. गूळ भिजला तो भिजलाच, वर बघणाऱ्यांनी मोबाईल काढले. घरी आल्यावर ती जेवताना एवढंच म्हणाली, “आई, हिला आता उंच करतो.” आमच्याकडे मुलीही ‘करतो, जातो’ म्हणतात. मी कॉलेजातून ‘करते, जाते’ शिकून आले होते, ते घरात कुणी घेतलं नाही.

यंदा उंच करण्याची घाई झाली ती बाळासो कुंभारांमुळे. कुंभार गल्लीत ते शाडूचे गणपती करतात. शाडू म्हणजे कच्ची माती, भाजलेली नसते, नुसती वाळवलेली. जोरात ठेवली तरी तडा जातो. वैभववाडीकडची त्यांची ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. तिकडे मूर्ती पोचवणाऱ्या ड्रायव्हरने गेल्या वर्षी दोन सोंडा मोडल्या, म्हणून यंदा त्यांनी निशूला विचारलं. दिवाळीत तिने त्यांच्या पणत्या नेल्या होत्या, तेव्हा ते शेजारी बसून सगळी वाट तिचे पाय बघत होते म्हणे. मला म्हणाले, पोरगी वळणात ब्रेक मारत नाही, वळणाच्या आधी मारते. हे काम नीट झालं असतं तर पुढच्या वर्षी सबंध कुंभार गल्ली तिच्याकडे आली असती.

आणि नीट झालं नसतं तर? माझं मन तिथेच अडकलं होतं. गुळाची ढेप फुटली तर नुकसान म्हणून विषय संपतो. गणपती भंगला तर विषय सुरू होतो. ‘त्या पोरीच्या गाडीत गणपती भंगला’ हे वाक्य एकदा सुटलं की गल्लीतून गल्लीत जाईल, स्थळांपर्यंत जाईल आणि माझी मुलगी म्हातारी झाली तरी तिच्या मागे चालेल. मूर्ती तिने बनवलेली नसेल, रस्ता तिने खोदलेला नसेल, तरी वाक्य तेच राहील.

तर हायवेला एका पाटेवाल्याकडे तिने गाडी नेली. मागच्या चाकांच्या वर लोखंडाच्या जाड पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात, हे मला आता कळलं. गाडीचं ओझं त्यांच्यावर असतं. त्याने त्यात भर घातली, गाडीचा मागचा भाग चांगला वर आला. निशू खुशीत घरी आली. मला चढायला पायाखाली भाजीचं क्रेट घ्यावं लागलं. गल्लीतल्या चिमणाबाई म्हणाल्या, “आता जावई पण उंचच बघा.”

रंकाळ्यापर्यंत जाऊन येऊ म्हणाली, म्हणून मी बसले. स्पीडब्रेकरवर डोकं टपाला लागलं. तेही एक वेळ ठीक, पण पुढे सरळ, चांगला रस्ता लागला, तिने वेग घेतला आणि पायाखालून एक थरथर सुरू झाली. पिठाच्या गिरणीत भिंतीला टेकून उभं राहिलं की हाडांत येते तशी. आरसा हलून मागचं काही दिसेना. निशूने वेग कमी केला, थरथर गेली. वाढवला, पुन्हा आली. घरी येऊन निशूने फडकं उचललं. तिचं असंच आहे. मनाला लागलं की ती गप्प होते आणि फडकं घेऊन काच पुसायला लागते. त्या संध्याकाळी तिने काच आतून, बाहेरून आणि पुन्हा आतून पुसली.

मग सल्ले सुरू झाले. आमचे हे वारणानगरला साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाले आहेत. त्यांचं मत पडलं की नवं लोखंड आहे, चार खेपांत बसेल. चिमणाबाईंचं मत दृष्टीचं. मी शिकलेली बाई, पण पोटच्या मुलीचा प्रश्न आला की शिक्षण जरा बाजूला सरकून बसतं. मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं, पुढे काळी बाहुली बांधली. लिंबू चिरडलं गेलं, थरथर राहिली. निशू म्हणाली, “आई, तुझी बाहुली पण थरथरतीया बघ.”

रफिकभाईंचं गॅरेज आमच्या घरापासून जवळच आहे. निशू स्कूटी चालवायची तेव्हापासून ते तिला ओळखतात. त्यांनी चाकं काढून तोल बघितला, पुढची मागे आणि मागची पुढे केली, सगळे बोल्ट पुन्हा आवळले. गाडीखाली झोपून इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, हाताने फिरवून पाहिला. बाहेर येऊन कपाळ पुसत म्हणाले, “चाक बरोबर, शाफ्ट बरोबर, त्याचे सांधे बरोबर. म्हंजे माझंच डोकं बरोबर न्हाई.” मला त्यांचा राग यायला हवा होता, पण उलट बरं वाटलं. निदान आणखी एक माणूस माझ्यासारखंच गोंधळलेलं होतं.

हे बाळासोंच्या कानावर गेलंच. ते आले, मागच्या हौद्यात चढून उभे राहिले आणि नाक्यापर्यंत एक चक्कर मारून उतरले. बराच वेळ हात झटकत राहिले, जणू हाताला मुंग्या आल्या होत्या. मग म्हणाले, “मूर्ती तुझ्याच गाडीत घालतो, बाळ. शब्द दिलाय. पण डोळे हितं आखत न्हाई. मी संगं येतो, तिथं उतरवल्यावर आखीन.”

मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात. रंग, दागिने, सोवळं, सगळं झाल्यावर. बाळासो मानतात की डोळे आखेपर्यंत ती माती आहे. वाटेत मोडली तर माती मोडली. त्याला भंगणं म्हणत नाहीत.

मी तर मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. किती सोपी वाट काढली माणसाने! ते वाक्य आता कुणाला बोलताच येणार नव्हतं. घरी येऊन मी निशूला तेच सांगायला लागले, तर तिने अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. म्हणाली, “म्हंजे मी मोडणार, हे त्यांनी धरूनच ठेवलंय.” मी म्हटलं, अगं, ते तुझ्याच भल्यासाठी. ती उठून फडकं घेऊन खाली गेली. मला कळेना, ज्या गोष्टीने माझा जीव भांड्यात पडला, त्याच गोष्टीने हिच्या तोंडचा घास कसा काय गेला? अजूनही पूर्ण कळलंय असं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कुंभार गल्लीत जाऊन एक मूर्ती मागून घेऊन आली. वीतभर उंचीची, एक हात जरा वाकडा वाळलेला, म्हणून बाजूला काढलेली. रंग नाही, डोळे नाहीत. ही घेऊन गाडी तपासायची, असं तिचं ठरलं. ती चालवणार, रफिकभाई मागे हौद्यात बसून आवाज ऐकणार, मग मूर्ती धरायची कुणी? मी. मांडीवर टॉवेल, त्यावर गणपती. गाडी सुरू झाली आणि मी त्याच्याशी पुटपुटायला लागले. मध्येच आठवलं की ही माती आहे. मग गप्प बसले. मग पुन्हा पुटपुटायला लागले.

बालिंग्याच्या अलीकडे खड्डे लागले. प्रत्येक खड्ड्याला मी मूर्ती अलगद वर उचलत होते, गचका माझ्या पाठीत जात होता. पुढे गुळगुळीत रस्ता आला. मला हायसं वाटलं, मी मूर्ती टॉवेलवर टेकवली. थरथर सुरू झाली आणि काही वेळाने सोंडेचं टोक आपोआप माझ्या ओंजळीत आलं. धक्का नाही, आवाज नाही. पिकलेलं पान गळावं तसं.

निशूने गाडी बाजूला घेतली. तिचा चेहरा बघवत नव्हता. रफिकभाई खड्ड्यांना शिव्या देत खाली उतरले. मी म्हटलं, खड्ड्यात काही झालं नाही हो. चांगल्या रस्त्यावर मोडली. तुम्ही सगळे गाडी हादरते, हादरते म्हणताय, पण मला दोन वेगळं वेगळं होतंय. एक पाठीत होतं, ते खड्ड्यात. एक दातांत होतं, ते चांगल्या रस्त्यावर, वेग घेतला की. मला काही शोध लागला होता असं नाही. घाबरलेल्या माणसाला आपलं कुठं कुठं दुखतंय ते तेवढं नीट कळत असतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. निशू हळू म्हणाली, “रफिकचाचा, आपण दोन दुखण्यांना एकच औषध घालत बसलोय.”

परत आल्यावर रफिकभाईंनी एक करून पाहिलं. हौद्यात वाळूची पोती टाकली आणि तिला म्हणाले, आता पळव. दोघं जाऊन आली तर थरथर गेलेली. ते खूश. म्हणाले, मूर्तींखाली पोतीच घालून ने. निशूने गाडीच्या मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाली, “चाचा, ही तर खाली बसली की. मग उंच केली कशाला? मांडुकलीला पुन्हा ट्रॅक्टर बोलवू?” पण बोलता बोलता ती थांबली. वजन टाकलं की गाडी खाली बसते. खाली बसली की थरथर जाते. म्हणजे दुखणं कुठल्या भागात नव्हतंच, उंचीत होतं. रफिकभाई पुन्हा खाली झोपले, पोती असताना आणि पोती काढून. रिकामी गाडी वर उठली की तो लांब दांडा तिरका होत होता, आणि तिरका असताना जोरात फिरला की थरथरत होता. प्रत्येक भाग वेगळा तपासला तर बरोबर, एकत्र चालायला लागले की भांडण. मला आमच्या सासरच्या घराची आठवण झाली, पण ते असो.

मग तिघं पाटेवाल्याकडे गेलो. निशूने विचारलं, नक्की काय घातलंय. तो छाती काढून म्हणाला, एकदम कडक पाटे घातलेत, उसाची गाडी गच्च भरा, वाकणार नाहीत. टायरात हवाही त्याच मापाने ठोकून भरली आहे.

“मी ऊस ओढतो म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं?”

तो खरोखरच बुचकळ्यात पडला. “सांगाय कशाला लागतंय, पावणं? हितं पाटं वाढवाय दुसरं कोण येतंय?”

त्याचंही खोटं नव्हतं. आमच्या जिल्ह्यात गाडीचं मागचं अंग उचललं म्हणजे ऊस, असंच कुणीही समजणार. तिने उंची मागितली होती, त्याने ताकद दिली. आणि ओझ्यासाठी कडक केलेली गाडी, वर वाळक्या मातीचे हलके गणपती. ती उडणार नाही तर काय करणार? निशू भांडायला उभी राहील असं मला वाटलं होतं. ती हसायला लागली, मग तोही हसला, मग त्याने चहा सांगितला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, पण नीट सांगता येणार नाही. त्याने कडक पाटे काढले, उंची टिकावी म्हणून त्या जागी एक लोखंडी ठोकळा दिला. रफिकभाईंच्या सांगण्यावरून ठोकळ्याजवळ लोखंडाची एक पाचर बसवली, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. तिने म्हणे मागच्या दोन चाकांमधला आस जरासा कलतो आणि दांडा सरळ होतो. आपण डगमगत्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घालतो, त्यातलाच प्रकार असावा. निशूने टायरांतली हवा कमी केली.

बाळासोंनी तोवर त्या मूर्तीची सोंड ओल्या मातीने सांधून दिली होती. पुन्हा टॉवेल, पुन्हा माझी मांडी. खड्डे आले, गाडी डुलली, पण डोकं टपाला लागलं नाही. चांगला रस्ता आला. मी दात घट्ट आवळून बसले होते आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की आवळायचं कारणच उरलेलं नाही. मूर्ती टॉवेलवर स्वस्थ होती. मागून रफिकभाईंनी टपावर थाप मारली. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, शेवटी कशाने गेलं? रफिकभाई म्हणाले, “तिन्ही एकदम केलं, साहेब. आता मान कुणाला द्यायचा?” हे म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं, चार खेपांत बसेल.

मूर्ती भरायच्या दिवशी आम्ही कुंभार गल्लीत गेलो. भाताचं काड, जुन्या गाद्या, सगळं घेऊन. आत ओळीने गणपती मांडलेले होते आणि मी दारातच थबकले, कारण ते सगळे माझ्याकडे बघत होते. बाळासोंनी डोळे आखून टाकले होते. एकच मूर्ती राहिली होती, ती समोर घेऊन ते पाटावर बसले होते. निशूला म्हणाले, बस. तिच्या समोर त्यांनी श्वास धरून एक डोळा आखला, मग दुसरा. कुंचला पाण्यात बुडवला.

 निशू म्हणाली, “मामा, तुम्ही तर तिथं येऊन आखणार हुता.”

“मग आता मी कशाला येऊ? रंगाची कामं पडल्यात माझी.”

तिने खाली वाकून त्यांचे पाय शिवले. फडकं घेऊन काच पुसली नाही, त्यावरून मी ओळखलं, मनातली सल गेली. मला मात्र घाम फुटला. एवढ्या खटपटीने जी वाट निघाली होती, ती या माणसाने कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांत बंद केली. आता ती माती नव्हती. आता काही झालं तर ते झालंच. मी येते म्हटलं, तर निशू म्हणाली, “आई, तुझ्या सीटवर पण गणपती हाय.”

ती गेली. घाटात पाऊस होता, फोन लागत नव्हता. मी काय केलं ते लिहीत नाही. कुणाचीही आई करेल तेच केलं. दुपार उलटून गेल्यावर फोन आला, “पोचलो.” मी एका दमात विचारलं, मांडुकलीला पाणी होतं का, थरथर झाली का, मूर्ती कशा आहेत. ती म्हणाली, “पाणी हुतं, गेलो त्यातनं. गणपती सगळे बघत बसल्यात, आई. उतरवून घेतल्यात. आता भूक लागलीया.”

आज ती परत आली, जेवली आणि झोपलीही. ही सगळी झोपली की मला लिहायला बसता येतं. कुंभार गल्लीतून दोघांचे फोन येऊन गेले, पुढच्या वर्षासाठी. कागलकडूनही निरोप आहे, पण तो मी अजून तिला सांगितलेला नाही. पाचरीने बरं वाटलं, की पाटे काढल्याने, की हवेने, हेही कुणी मला अजून पटेल असं सांगितलेलं नाही.

सांधलेल्या सोंडेचा तो छोटा गणपती आमच्या फ्रिजवर आहे. त्याच्यापुढे दिवा लावायचा की नाही, ते मला समजत नाही. डोळे आखून आणू का, असं निशूने जेवताना विचारलं. मी नको म्हटलं. का नको म्हटलं, तेच आता इथे बसून शोधते आहे. गाडीत मी किती घाबरले होते, ते त्याने पाहिलेलं नाही, तेवढं तसंच राहू दे.